मिक्सर आणि पॉवर ॲम्प : दोन बटणांचा मेळ



संगीतसूर्य केशवराव भोसले रंगभूमीवर गात होते, तेव्हा माईक नव्हता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ साली सुरू झालं, ते गळ्याच्या भरवशावर. आज त्या नाट्यगृहाला केशवरावांचं नाव आहे, पण सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची जबाबदारी आता साउंडवाल्याची झाली आहे. त्याच्या हाती दोन बटणं असतात. एक मिक्सरचं, म्हणजे प्रीॲम्पचं, आणि दुसरं पॉवर ॲम्पचं. ती एकमेकांशी जुळवायची कशी, याबद्दल आज बोलू.

माईकमधून येणारा विजेचा इशारा फार क्षीण असतो, व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतका. प्रीॲम्प त्याला साधारण एका व्होल्टपर्यंत उचलतो. पुढे पॉवर ॲम्प त्यात दम भरतो आणि स्पीकर हलवतो. या पॉवर ॲम्पच्या बटणाबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. बटण अर्ध्यावर ठेवलं की ॲम्प अर्धीच ताकद देणार आणि स्पीकर वाचणार, असं तालमीतली पोरंही सांगतात आणि मंडळांचे जुने कार्यकर्तेही. तसं होत नाही.

त्या बटणाभोवतीचे आकडे एकदा नीट बघा. बऱ्याच ॲम्पवर शून्य उजव्या टोकाला असतो आणि डावीकडे येताना उणे ६, उणे १०, उणे २० डेसिबल असे आकडे लागतात. बटण ताकद घालत नाही, आत येणारा इशारा अडवतं. ॲम्पची पूर्ण ताकद ठरलेलीच असते. समजा, ती मिळायला १ व्होल्ट लागतो. बटण उणे ६ वर आणलं, तर तीच ताकद २ व्होल्टला मिळेल. उणे २० वर आणलं, तर १० व्होल्ट द्यावे लागतील. घोळ इथं होतो. आवाज कमी पडतोय म्हणून मिक्सर चढवत जायचं, आणि १० व्होल्ट देता देता बहुतेक मिक्सरचा दम संपतो. लाटेचा माथा सपाट कापला जातो, लाल दिवा पेटून राहतो, आवाज फाटतो. मिक्सरमध्ये फाटलेला आवाज पुढे कितीही बारीक करा, तो फाटलेलाच राहतो.

आणि स्पीकर तरी कुठे वाचतो? माथा पूर्ण सपाट झालेली चौकोनी लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती घेऊन जाते. शिवाय कापलेल्या माथ्यातून नको ते बारीक, उंच स्वर तयार होतात आणि ते सगळे ट्विटरकडे, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरकडे, धावतात. गणपतीच्या मिरवणुकीत ट्विटर उडाला की दोष स्पीकरला देतात. खरं कारण पुष्कळदा मिक्सरच्या त्या लाल दिव्यात असतं.

उलट टोकही तितकंच वाईट. मिक्सर अगदी खाली आणि ॲम्प पूर्ण उघडा ठेवला, तर मिक्सरची स्वतःची सूं-सूं गाण्याच्या जवळ येऊन बसते. लावणीच्या दणक्यात ती कळणार नाही. पण हे अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्याचं कोल्हापूर आहे, देवल क्लबच्या मैफलींचं कोल्हापूर आहे. इथला श्रोता तंबोऱ्याच्या झंकारावर कान ठेवून बसतो. दोन आवर्तनांमधल्या विसाव्यात तंबोऱ्याऐवजी सूं-सूं ऐकू आली, तर त्या मैफलीचं मोठं नुकसान झालं असं मी मानतो.

मग करायचं काय? पॉवर ॲम्पचं बटण पूर्ण खाली घ्या. गायकाला तार सप्तकात, पूर्ण ताकदीनं एक तान घ्यायला सांगा. पुटपुटत “हॅलो, माईक टेस्टिंग” म्हणून काही कळत नाही. त्या तानेला मिक्सरचा काटा शून्याच्या आसपास खेळला पाहिजे आणि लाल दिवा लागता कामा नये. मिक्सर तिथंच राहू द्या. आता ॲम्पचं बटण हळूहळू उघडा, आणि दुसऱ्या कुणाला तरी शेवटच्या रांगेत उभं करा. शब्द स्वच्छ पोचले की थांबा आणि बटणाजवळ चिकटपट्टीची खूण करा. कार्यक्रमात नंतर हलवायचं ते मिक्सरचं, तेही थोडंच.

एवढं केल्यावरही आवाज कमी वाटला, तर लगेच मोठा ॲम्प आणायला पळू नका. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो; कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर येईल इतका उंच करा, गायकाला माईकजवळ आणा. शिवाय आवाज हवा तितका वाढवताही येत नाही; निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा कायद्यानं घातलेली आहे. पेठेतल्या गल्लीत डॉल्बीच्या भिंती ती केव्हाच ओलांडतात, आणि त्या भिंतीशेजारच्या घरात कुणी आजारी म्हातारं माणूस असतं, कुणी तान्हं मूल असतं. फाटका आवाज समजत नाही म्हणून आणखी वाढवला जातो. स्वच्छ आवाज कमी असला तरी समजतो.

शेवटी एक सवय लावून घ्या. सुरू करताना आधी मिक्सर, मग पॉवर ॲम्प. बंद करताना आधी पॉवर ॲम्प, मग मिक्सर. हा क्रम चुकला की मिक्सरचा धप्प असा ठोका थेट स्पीकरवर बसतो.