जुना मजकूर, नवा वाचक

पारनेर तालुक्यांतील एखाद्या जुन्या वाड्यांत माळ्यावरची पेटी उघडली, तर तींत बहुधा मोडी कागदांचें एखादें पुडकें सांपडतें. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बांधाच्या तंट्याचा निवाडा, एखादें कर्जखत. शाई अजून काळी आहे, कागद शाबूत आहे, अक्षर वळणदार आहे. पण घरांत तें कोणास वाचतां येत नाहीं. पणजोबांनीं तें लिहिलें तेव्हां वाचकाची काळजी त्यांना नव्हती. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत, शब्दाशब्दांत जागा सोडीत नसत, विरामचिन्हें नसत. जें लिहावयाचें राहिलें तें वाचणारा आपल्या समजुतीनें भरून काढी. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्यें जणूं एक न लिहिलेला करार होता. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडीचा व्यवहार मागें पडला, तो करार संपला, आणि एकहि टिंब न बदलतां कागद मुका झाला. सन २०२३ मध्यें कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी जाणणारांची ठिकठिकाणीं शोधाशोध करावी लागली, तेव्हां या मुकेपणाची किंमत पुष्कळांच्या ध्यानांत आली.

मजकूर तोच, पण वाचणारा बदलला, अशी अडचण आज एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत दरवर्षीं उभी राहते. आणि तिचा संबंध पारनेरच्या बाजारांत भाजी विकणारीच्या कमरेला असलेल्या मोबाईलशीं आहे. हें विधान प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटेल. म्हणून थोडा खुलासा अवश्य आहे.

संगणक हें यंत्र शून्य आणि एक या दोन खुणांखेरीज कांहीं जाणत नाहीं. मनुष्य त्याला द्यावयाच्या आज्ञा एखाद्या सोयीच्या भाषेंत लिहितो, आणि त्यांचें यंत्राच्या खुणांत भाषांतर करणारी जी आज्ञावली, तिला कंपायलर म्हणतात. बहुतेक मोबाईलांत अँड्रॉइड असतें, आणि अँड्रॉइडच्या तळाशीं लिनक्स नांवाचें कर्नल असतें. कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणत्या कामास किती वेळ द्यावा, स्मरणांतील कोणती जागा कोणास द्यावी, कोणास कोणत्या खोलींत पाऊल टाकूं देऊं नये, हें सगळें तो पाहतो. हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें सन १९९१ मध्यें तें लिहावयास आरंभ केला. आज त्याच्या ओळी तीन कोटींहून अधिक आहेत, आणि त्यांतील बहुतेक 'सी' या भाषेंत आहेत. ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सन १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. लिनक्स ज्यानें वाचलें तो मूळचा कंपायलर जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनीं तो सन १९८७ मध्यें लोकांस खुला केला.

'सी' भाषेचा स्वभाव मोडीसारखाच आहे, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. ती जन्मली तेव्हां यंत्रें लहान होतीं, आणि लिहिणारा आपल्या धंद्यांत तरबेज आहे असें गृहीत धरलें होतें. त्यामुळें पुष्कळ गोष्टी न लिहितां चालत. एखाद्या कामाचें नांव पूर्वीं कोठेंहि जाहीर न करतां तें वापरलें, तरी जुना कंपायलर म्हणे, ठीक आहे, याचें उत्तर साधी पूर्णांक संख्या असेल असें मी धरून चालतों. लिहिणाराचे श्रम वांचत.

या सवयीचा परिचय महाराष्ट्रांतील हजारों घरांस आहे. अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बोरलंड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर वर्षानुवर्षें चालला. त्याची पहिली आवृत्ति सन १९८७ ची. आणि डॉस गेलें, विंडोज आलें, तरी निळ्या पडद्याचा हा जुना वाचक प्रयोगशाळेंतून हलला नाहीं. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर मुलांच्या पिढ्या पोसल्या. अशा प्रयोगशाळेंत शिकलेला मुलगा पुण्यास नोकरीला जाई आणि आपली पाठ केलेली आज्ञावली जीसीसीपुढें ठेवी, तेव्हां पडदा पुसण्याची त्याची पहिलीच आज्ञा नापास होई. कारण ती सी भाषेची नव्हेच, बोरलंडच्या घरची बोली होती. मुलास वाटे, नवा कंपायलर बिघडला आहे. वस्तुतः त्यानें जी भाषा म्हणून पाठ केली होती, तींत भाषा किती आणि एका वाचकाची मेहेरबानी किती, हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. हा दोष मुलाचा नाहीं.

आतां जीसीसीनेंहि आपली मेहेरबानी हळूहळू आवरती घेतली आहे. नांव जाहीर न करतां काम वापरण्याची सूट भाषेच्या सन १९९९ च्या प्रमाणग्रंथानें काढून टाकली होती. तरीहि कंपायलर पुढें पंचवीस वर्षें केवळ कुरकुर करून पुढें जात असे. मे २०२४ मध्यें निघालेल्या जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीनें ती सूट बंद केली, आणि जगभर पुष्कळ जुन्या आज्ञावल्या एका रात्रींत अडल्या. पुष्कळांनीं बोटें मोडलीं. परंतु त्या सुटींतील धोका पाहण्याजोगा आहे. स्मरणांतील एखाद्या जागेचा पत्ता परत देणारें काम जाहीर न करतां वापरलें, तर कंपायलर त्या पत्त्यास साधी संख्या समजतो. जुन्या यंत्रांत पत्ता ३२ अंशांचा आणि संख्याहि ३२ अंशांची, म्हणून सारें बिनबोभाट चाले. नव्या यंत्रांत पत्ता ६४ अंशांचा झाला, संख्या ३२ चीच राहिली. म्हणजे 'मुक्काम निघोज, तालुका पारनेर' या पत्त्यांतील अर्धी ओळ कापून पत्र टपालांत टाकण्यासारखें झालें. कधीं तें पोंचेल, कधीं भलत्याच दारांत पडेल. आणि पाठविणारास कळणारहि नाहीं.

न वाचतां परत करणारा वाचक एक वेळ पुरवला. मुकाट्यानें निराळाच अर्थ लावणारा वाचक फार वाईट. सन २००९ मध्यें लिनक्स कर्नलांत जें उघडकीस आलें, तें या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे.

जाळ्याशीं संबंध असलेल्या एका भागांत लिहिणारानें एका पेटींतून वस्तु काढली होती, आणि त्याच्या पुढच्या ओळींत 'पेटी मुळांत आहे कीं नाहीं' ही तपासणी लिहिली होती. क्रम उलटा झाला होता. पण तपासणी होती. जुना, साधाभोळा कंपायलर ओळीमागून ओळ भाषांतर करून देता, तर ती तपासणी जागेवर राहती. नवा कंपायलर तर्कशास्त्र शिकलेला होता. त्यानें विचार केला कीं, ज्या अर्थीं यानें पेटींत आधींच हात घातला, त्या अर्थीं पेटी असलीच पाहिजे. मग पुढची तपासणी निरर्थक आहे. आणि त्यानें ती गाळून टाकली. व्याकरणाच्या दृष्टीनें त्याचें काहींच चुकलें नाहीं, कारण नसलेल्या पेटींत हात घातल्यास काय व्हावें हें 'सी'च्या प्रमाणग्रंथानें मोकळेंच सोडलें आहे. पण मूळ मजकूर वाचणारास जो रखवालदार दारांत उभा दिसे, तो भाषांतरांत नाहींसा झाला होता. जेथें पेटी नाहीं त्या शून्य क्रमांकाच्या जागेवर परक्यानें आपली वस्तु नेऊन ठेवली, तर सबंध यंत्राचा कबजा त्यास घेतां येई, आणि तसें करूनहि दाखविण्यांत आलें. मग उलटा क्रम सुलटा केला गेला; शिवाय कर्नलाचें भाषांतर करतांना 'अशा तपासण्या गाळूं नयेत' अशी स्पष्ट ताकीद कंपायलरला देण्याचा प्रघात पडला. चूक कोणाची, यावर त्या वेळीं बराच वाद झाला. लिहिणाराची चूक उघड आहे. तरीहि घराचा मालक मनानें वाचकाच्याच विरुद्ध जातो, आणि तें अगदीं अन्यायाचें म्हणतां येत नाहीं.

पुढें सन २०२० मध्यें दहावी आवृत्ति आली, तेव्हां तर कांहीं यंत्रें सुरूच होईनात. कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पूर्वीं कॅनरी पक्षी नेत. त्यावरून नांव पडलेली एक गुप्त संख्या आहे. काम सुरू होतांना ती एका जागीं ठेवतात आणि काम संपतांना ती तशीच आहे ना हें पाहतात. बदललेली असली, तर कोणी घुसला आहे असें समजून यंत्र थांबतें. आतां संगणकांतील दुसऱ्या, तिसऱ्या प्रक्रियकांस जागें करणारें जें काम, तें मध्येंच ही गुप्त संख्या स्वतःच नवी बसवितें. म्हणजे शेवटीं तपासणी झाली, तर ती चुकणारच. पण तें काम कधीं संपतच नाहीं. आपला कारभार शेवटच्या ओळींत दुसऱ्याच्या हातीं देऊन तें तेथेंच राहतें, म्हणून तपासणीची वेळ येतच नसे. दहाव्या आवृत्तीनें काटकसर केली. शेवटची ओळ कारभार सोंपविण्याचीच आहे, तर आधीं तपासणी उरकून घ्यावी आणि मग सरळ उडी मारावी, असें तिनें ठरविलें. तपासणी झाली, संख्या जुळली नाहीं, आणि चोर नसतां घरांत चोर शिरल्याचा कोलाहल होऊन यंत्र उंबरठ्यावरच थांबलें. शेवटच्या ओळीनंतर आणखी एक निरुपद्रवी ओळ घालून ती शेवटची राहणार नाहीं अशी तजवीज झाली. या दुरुस्तीच्या मथळ्यांतच 'तिसरा प्रयत्न' असे शब्द आहेत. आधींच्या दोन प्रयत्नांचा इतिहास त्या दोन शब्दांत आला.

कंपायलर कसा विचार करतो, हें आपल्याकडे कोणीं अभ्यासिलें नाहीं असें नव्हे. मुंबईस पवईच्या आय. आय. टी.मध्यें जीसीसीच्या अभ्यासाचें एक केंद्र निघालें, आणि प्राध्यापक उदय खेडकर यांनीं त्या द्वारें जीसीसीच्या अंतर्रचनेवर कार्यशाळा घेतल्या. त्याच संस्थेंतील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांचे या विषयावरील पाठ्यग्रंथ अनेक विद्यार्थ्यांच्या हातीं गेले. टर्बो सीच्या प्रयोगशाळा आणि ही विद्या एकाच महाराष्ट्रांत नांदत होत्या. दोहोंची भेट मात्र क्वचितच झाली.

अगदीं अलीकडची हकीकत एप्रिल २०२५ ची. 'सी'मध्यें शब्द संपला हें दाखविण्यासाठीं शेवटीं एक शून्य ठेवण्याचा रिवाज आहे. तो शब्दाचा पूर्णविराम. परंतु यंत्राच्या जडणघडणीची माहिती देणारे जे कांहीं तक्ते असतात, त्यांच्या खुणा नेमक्या चार अक्षरांच्या, आणि त्यांच्यासाठीं चारच घरें. पूर्णविरामास जागा नाहीं आणि गरजहि नाहीं, कारण तीं अक्षरें आहेत, शब्द नव्हे. पंधराव्या आवृत्तीस हा भेद कळेना. पूर्णविराम राहिला म्हणून तिनें तक्रारींचा पाऊस पाडला. टॉरवाल्ड्स यांनीं आपल्या स्वतःच्या यंत्रावर फेडोरा ४२ चढविलें होतें, त्यांत हा कंपायलर, अधिकृतपणें प्रसिद्ध होण्याच्या कांहीं दिवस आधींच, आलेला होता. त्यांनीं पुढच्या चांचणी-आवृत्तीच्या तोंडावर 'हा शब्द नव्हे' अशा खुणा स्वतःच ठिकठिकाणीं घातल्या आणि तक्रारीचें तोंड बंद केलें. कर्नलाच्या सुरक्षिततेसाठीं वर्षानुवर्षें खपलेले एक सहकारी त्याच दुरुस्त्या पद्धतशीर करून बाजूस तयार ठेवीत होते, ते रागावले. राग अस्थानीं नव्हता, कारण नव्या वाचकासाठीं घाईनें केलेला फेरफार जुना कंपायलर वापरणारांस बाधला, आणि मग त्याचीहि दुरुस्ती करावी लागली.

या धंद्याची खरी अडचण येथें आहे. मोडी कागदाचें बाळबोध लिप्यंतर करणारा निराळा कागद घेतो. मूळ पत्रास तो हात लावीत नाहीं. कर्नल राखणारास ती सोय नाहीं. त्याला मूळ मजकुरांतच असें लिहावें लागतें कीं, नव्या वाचकाचें समाधान व्हावें आणि जुन्याचाहि गैरसमज होऊं नये. त्यासाठीं वर सांगितलेल्या खुणेसारखे शब्द अशा युक्तीनें लिहितात कीं, ज्या कंपायलरला ते कळतात त्यालाच ते दिसावेत, इतरांस तेथें कोरी जागा दिसावी. अशा कोऱ्या जागा वाढत गेल्या, कीं मजकूर वाचणें मनुष्यास जड होतें. आणि मजकुराचा शेवटचा वाचक कंपायलर असला, तरी त्यांत दुरुस्ती करणारा मनुष्यच असतो.

म्हणून अधूनमधून जुन्या वाचकांस निरोप द्यावा लागतो. सन २०२२ पर्यंत लिनक्स सन १९८९ च्या प्रमाणग्रंथास धरून लिहिलें जात होतें. त्या वर्षीं ५.१८ या आवृत्तींत सन २०११ चा प्रमाणग्रंथ स्वीकारला गेला. सन २०२१ च्या ५.१५ या आवृत्तीपासून जीसीसी ५.१ हा सर्वांत जुना चालणारा कंपायलर ठरला होता, आणि सन २०२५ मध्यें ६.१६ या आवृत्तीबरोबर ती मर्यादा ८.१ वर आणली गेली. ८.१ निघाला मे २०१८ मध्यें. तेव्हांपासून पंधराव्या आवृत्तीपर्यंत जे जे कंपायलर निघाले, त्या सर्वांस एकच मजकूर एकाच अर्थानें वाचतां आला पाहिजे. त्याहून जुन्यांसाठीं घातलेल्या कोऱ्या जागा त्यानंतर एकेक करून पुसतां येऊं लागल्या.