वार, रक्तदाब आणि आठवा महिना
(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती आहेच. त्यातील मोठ्या रकमांविषयी अध्यक्ष महोदय बोलतील. आम्ही आज तीन किरकोळ नोंदींविषयी बोलणार आहोत : रक्तदाब मोजण्याची यंत्रे, लघवी तपासण्याच्या पट्ट्या आणि मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने. हिशेब तपासनीसही यांवरून नुसती नजर फिरवून पुढे जातात. तथापि प्रसूती विभागात आमच्या डॉक्टर मंडळींना ज्या आजाराची सर्वाधिक धास्ती वाटते, त्याच्याशी गाठ पडते ती याच तीन वस्तूंच्या बळावर. त्या आजाराचे नाव प्री-एक्लॅम्पसिया. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकातले आम्हांस जे कळते ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून कळलेले आहे. तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४० बाय ९० किंवा त्याहून वर जातो आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. हे वर दिसणारे लक्षण झाले. मूळ मात्र वारेत असते. वार म्हणजे ती, जी बाळाच्या पाठोपाठ पडते आणि जी आपल्याकडे अंगणात पुरली जात असे. बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू व अन्न मिळते ते तिच्यामार्फत. गर्भाशयातील रक्तवाहिन्या मळसूत्राप्रमाणे पिळलेल्या व अरुंद असतात. पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी त्यांच्या भिंतींत शिरतात, तेथील स्नायूंचा थर दूर करतात आणि त्या वाहिन्या रुंद व सैल करून ठेवतात. पाटाची चारी रुंद केली की पाणी संथ आणि भरपूर येते, तसे.

काही गरोदर स्त्रियांमध्ये हे काम अपुरे राहते. चारी अरुंदच राहते, वारेला रक्त कमी पडते आणि अशी उपाशी वार आईच्या रक्तात काही पदार्थ प्रमाणाबाहेर सोडू लागते. त्यांतील एका महत्त्वाच्या प्रथिनाचा शोध मद्रास मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी राहिलेले व पुढे बोस्टन येथे संशोधन करणारे डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. आईच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी ठेवणाऱ्या घटकांना हे प्रथिन अडवून धरते. अस्तर बिघडले की दाब चढतो, मूत्रपिंडे गळू लागतात, यकृतास इजा होते आणि मेंदूवर परिणाम झाला तर झटके येतात. झटके आले म्हणजे तो एक्लॅम्पसिया.

मूळ वारेत आहे याचा एक पुरावा आम्हांस फार बोलका वाटला. द्राक्षगर्भ नावाच्या विकारात वारेची भलतीच वाढ होते आणि पूर्ण द्राक्षगर्भात बाळ मुळीच नसते. तरीही त्या स्त्रीला हा आजार होऊ शकतो. तेव्हा झटके आलेल्या सुनेला बाहेरची बाधा झाली किंवा तिने अमुक खाल्ले म्हणून असे झाले, असे जे बोलले जाते ते सर्वस्वी निराधार आहे. तिच्या हातून काहीही चुकलेले नसते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, बिघाडाची सुरुवात लक्षणांच्या कितीतरी आठवडे आधी होते व त्या काळात त्या स्त्रीला काहीच जाणवत नाही. म्हणून मोजावे लागते, आणि एकदा मोजून भागत नाही. येथे आमचे वाणिज्य उपयोगी पडते : आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर अखेरच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. तिसऱ्या महिन्यात १०० बाय ६० असलेली मुलगी सातव्यात १३० बाय ८४ दाखवू लागली, तर तो आकडा मर्यादेच्या आत असूनही डॉक्टर तिला लवकर परत बोलावतात. पण धनज व पंचक्रोशीत, किंबहुना सर्वत्रच, पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. ओटीभरण झाले की ती येते आणि तपासणीचे कागद सासरी राहतात. हा आजार पहिलटकरणींत अधिक आढळतो आणि दिसतो तोही बहुतेक याच शेवटच्या महिन्यांत. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत तपासणीचा दिवस हमखास चुकतो. आमची माहेर व सासर दोन्हीकडच्या मंडळींना विनंती आहे की, लेकीच्या पिशवीत साडीचोळीच्या आधी तिचे कार्ड ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मूळ वारेत असल्यामुळे वार बाहेर येणे हाच या आजारावरचा खरा उपाय आहे. गोळ्यांनी दाब आवरता येतो, मॅग्नेशियमने झटके टाळता येतात, पण आजार चालूच राहतो. बाळाला पोटात आणखी दिवस हवे असतात आणि आईजवळ ते दिवस उरलेले नसतात. आजार सौम्य असेल तर सदतीस आठवड्यांपर्यंत थांबता येते. तीव्र असेल तर चौतीसनंतर थांबणे बहुधा धोक्याचे, आणि प्रसंगी त्याही आधी निर्णय घ्यावा लागतो. नेमके याच वेळी खाटेशेजारी उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या बाई म्हणतात, ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, महिना जाऊ द्या.’ त्यांची माया खरी आहे, समजूत मात्र खरी नाही. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाचे बळ वाढवितो, त्यामुळे आठव्या महिन्याचे बाळ सातव्यापेक्षा सशक्तच असते. त्याच्या फुप्फुसांसाठी आईला आधी इंजेक्शनेही देता येतात. उलट रक्तपुरवठा तुटलेल्या वारेवर बाळाला आणखी महिनाभर ठेवणे म्हणजे बुडत्या पेढीत ठेव वाढविण्यासारखे आहे. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी नातेवाइकांनी हवे तेवढे प्रश्न विचारावेत. तास दवडू नयेत.

देणगीदारांना सांगण्याजोगी बाब अशी की, यांवरील औषधे महाग नाहीत. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासाने २००२ साली दाखविले. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई व सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रियांस मानवेल अशी त्याची कमी मात्रेची पद्धत २००३ साली मांडली. आपल्या विदर्भातील उदाहरण तर अभिमानाचे आहे. नागपूरच्या दोन सार्वजनिक रुग्णालयांत तीव्र रक्तदाब असलेल्या ८९४ गरोदर स्त्रियांना निफेडिपीन, लॅबेटॅलॉल वा मिथिलडोपा यांपैकी एक औषध केवळ तोंडाने देण्यात आले. सहा तासांत दाब सुरक्षित पातळीवर आलेल्या व कोणताही गंभीर परिणाम न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण निफेडिपीनमध्ये ८४ टक्के, लॅबेटॅलॉलमध्ये ७७ आणि मिथिलडोपामध्ये ७६ टक्के होते. हा अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिरेतून औषध देण्याची सोय नसलेल्या ठिकाणी याचे मोल फार आहे. कारंजा, अमरावती वा अकोल्यास रुग्ण पाठविण्यापूर्वी येथेच पहिली गोळी देता येते, आणि रुग्णवाहिकेतील वेळ वाया जात नाही. ज्यांना पूर्वी हा आजार झाला आहे किंवा आधीपासूनच रक्तदाब वा मधुमेह आहे, त्यांना डॉक्टर बाराव्या आठवड्याच्या सुमारास अल्प मात्रेत ॲस्पिरिन सुरू करतात. ती गोळी स्वतःच्या मनाने कोणी घेऊ नये.

मीठ बंद केल्याने हा आजार टळत नाही. पायांवरची सूज बहुतेकींना येते. पण चेहरा व हात एकाएकी सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काहीही झाल्यास उन्हाचे निमित्त न सांगता त्याच दिवशी यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी २०१६ पासून होते. तिचाही लाभ घ्यावा. आणखी एक, जे आम्ही घरी जाण्याच्या घाईत असलेल्या प्रत्येक कुटुंबाला सांगतो : वार पडली म्हणजे त्या क्षणी धोका संपला असे नाही. तिने सोडलेले पदार्थ उतरण्यास वेळ लागतो, झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. डॉक्टर दोन-तीन दिवस ठेवून घेतात ते बिल वाढविण्यासाठी नव्हे, आणि घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात दाब पुन्हा मोजून घ्यावाच लागतो.

शेवटी पत्रकाविषयी एक खुलासा. दातृत्वाची पाटी रक्तदाबाच्या यंत्रावर लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ही यंत्रे ठरावीक काळाने तपासून घ्यावी लागतात; चुकीचे यंत्र नसलेल्या यंत्रापेक्षा घातक. म्हणून यंत्रांची तपासणी, पट्ट्या व मॅग्नेशियम यांचा खर्च ‘संकीर्ण’मधून काढून ‘मातृसुरक्षा’ या स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा, असा ठराव विश्वस्त मंडळापुढे मंजुरीसाठी ठेवीत आहोत.