मोफत पुस्तक आणि मुक्त पुस्तक

(शिक्षक-कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा मजकूर)



कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ज्याला पुस्तक विकत घेणे परवडत नाही त्याच्याही हाती ते पडावे, हा विचार या परिसराला नवा नाही. आज तोच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके आता संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. ही सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु संचालकांच्या लेखी परवानगीवाचून यातील कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशी सूचनाही त्याच पुस्तकांवर छापलेली असते. म्हणजे पुस्तक मोफत आहे, मुक्त नाही.

हा शब्दच्छल नव्हे. कल्याणच्या एखाद्या शिक्षिकेला जलप्रदूषणाचा पाठ वालधुनी नदीवरून शिकवावयाचा आहे, असे समजा. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहत येणाऱ्या या नदीचा वास मुलांच्या परिचयाचा आहे. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन माणसे दगावली. येथल्या रसायनशास्त्राच्या धड्यात त्याला जागा नसावी काय? वर्गापुरते उतारे देण्यास कायद्याची आडकाठी नाही. १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात तशी सवलत आहे, आणि दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण मूळ पाठात फेरफार करून तो शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांसाठी छापावयाचा, मुंब्र्यासाठी उर्दूत आणावयाचा, म्हटले की परवानगीचा प्रश्न आडवा येतो.

मुक्त शैक्षणिक साहित्य ही अडचण मुळाशीच दूर करते. हे नाव युनेस्कोच्या २००२ सालच्या बैठकीतून पुढे आले. लेखकाचे श्रेय कायम राहते; वापरण्याची, भाषांतराची, बदलाची मुभा तो आधीच देऊन ठेवतो. केंद्र सरकारने २०१३ साली शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय भांडार उघडताना अशाच परवान्याचे धोरण स्वीकारले. त्यात एक अट अशी की, बदललेले साहित्यही त्याच शर्तीवर खुले ठेवावे. समाजवाद्यांनी ही अट बारकाईने पाहावी. सामाईक गायरानाला कोणी खाजगी कुंपण घालू नये, एवढाच तिचा अर्थ आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयांवर नव्या अभ्यासक्रमांचा भडिमार झाला. स्वायत्त महाविद्यालये तर ते स्वतःच आखतात. ही आखणी पुष्कळदा बाजारातील एखाद्या पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवून होते, हे उघड गुपित आहे. मुक्त साहित्य हाताशी असेल तर आरंभ विद्यार्थ्याच्या गरजेपासून करता येईल.

मात्र भाबडेपणा नको. असे साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत आहे, त्यातील उदाहरणे परदेशी आहेत. नुसत्या भाषांतराने भागत नाही. पाठ नव्याने रचावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. मतदारयाद्या व सर्वेक्षणे यांत जुंपलेल्या शिक्षकाने तो रात्री जागून, बिनपगारी द्यावा काय? फुकट श्रमावर उभे राहणारे मुक्त साहित्य हे शोषणच होय. म्हणून मागणी दुहेरी हवी. महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ यांनी सार्वजनिक पैशातून घडविलेले साहित्य खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करावे, आणि ते घडविण्याचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावे. पैकी दुसरी मागणी शिक्षक संघटनांनी आधी लावून धरावी, कारण तिच्यावाचून वालधुनीचा पाठ कोणी लिहिणार नाही.