पिनियनचा कोन

बालाघाटहून बैहरकडे निघालेली एखादी गाडी सपाटीवर निमूट धावते. परंतु घाटाची चढण लागली, चालकाने खालचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला, की तळातून घरघर ऐकू येऊ लागते. गॅरेजमध्ये निदान होते, ‘क्रॉस गेला.’ नवा क्रॉस बसतो, पैसे दिले जातात, आणि काही महिन्यांनी तोही जातो. असे दुसऱ्यांदा घडले म्हणजे दोष क्रॉसचा नसून कोनाचा असावा, असा संशय घेणे इष्ट होय.

इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी रचना ट्रकची, जीपची, जुन्या अ‍ॅम्बॅसिडरची, आणि मुक्की दरवाजातून कान्हाच्या वनात पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सीचीही. गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती प्रोपेलर शाफ्ट मागच्या ॲक्सलमधील पिनियनला पोचवितो. ॲक्सल कमानपाट्यांवर सतत खालीवर होत असल्यामुळे शाफ्टच्या दोन्ही टोकांना वळणारा सांधा लागतो. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांची नावे या सांध्याशी जोडली गेली आहेत. आपला क्रॉस म्हणजे त्याच सांध्याचे हृदय.

या सांध्याला एक खोड आहे. तो वाकलेल्या स्थितीत फिरला, तर एका बाजूची गती एकसारखी असली तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. कोन ३ अंशांचा असेल तर ही घटबढ हजारात सुमारे दीड इतकीच असते. १० अंशांना ती हजारात पंधरावर जाते. शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर असे धक्के सेकंदाला १०० बसतात. क्रॉसच्या सुईसारख्या बेअरिंगांना ते फार काळ सोसत नाहीत.

यावर उपाय म्हणजे खोडीवर खोड. पुढच्या सांध्याने केलेली घटबढ मागचा सांधा पुसून टाकतो; मात्र त्यासाठी दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत हवेत. गिअरबॉक्सची रेषा मागे ३ अंश उतरती आणि शाफ्टची ५ अंश उतरती असेल, तर पुढचा कोन २ अंशांचा झाला. पिनियनची रेषाही ३ अंश उतरती ठेवली की मागचा कोनही २ अंशांचा होतो. अगदी शून्य कोनही नको. बेअरिंगच्या सुया एकाच जागी दबून तेथे खाचा पडतात. १ ते ३ अंश हा सामान्यतः सुखाचा प्रांत.

परंतु हे झाले उभ्या गाडीचे गणित. जोर लागताच चाके पुढे ढकलतात, ॲक्सल उलट बाजूस पिळतो आणि पिनियनचे नाक वर उठते. म्हणून कमानपाट्यांच्या गाडीत ते नाक उभ्या स्थितीत एक-दोन अंश खाली ठेवतात, म्हणजे जोराच्या वेळी दोन्ही कोन जुळून येतात. शर्यतीच्या गाडीत इंजिनचा जोर मोठा, म्हणून ही सवलतही अधिक. शिवाय ॲक्सलची पिळवट रोखणारे दांडे बसविले जातात. आपल्या घाटातील भरलेली गाडी शर्यतीची नव्हे, पण पहिल्या गिअरमध्ये तिच्या पिनियनवरही पीळ काही थोडा पडत नाही.

बिघाड बहुधा हौसेतून किंवा गरजेतून येतो. भार पेलावा म्हणून जादा पाटे घालतात, जंगलवाटेसाठी गाडी उचलतात. शाफ्ट एक मीटर लांब असून गाडी ५ सेंटिमीटर उचलली, तर कोनात सुमारे ३ अंशांची भर पडते. पाट्यांच्या टोकाचे शॅकल लांब केले तर ॲक्सलच फिरतो आणि दोन कोनांतील मेळ तुटतो. उंची वाढविली की कोन पुन्हा मोजावाच लागतो.

मोजणी अवघड नाही. गाडी सपाट जागी, स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या भारासह उभी करावी. जॅकवर ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेले माप निरुपयोगी. कोनमापक गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पिनियन या तिहींच्या रेषेत लावून आकडे लिहून घ्यावेत. फरक आढळल्यास पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची पाचर घालून यू-बोल्ट कसावेत. शाफ्ट सोडविण्यापूर्वी त्याच्या सरकत्या जोडावर रंगाची खूण करावी. एका दाताने जरी जोड चुकला तरी काट्यांची पातळी बिघडते.

ही काळजी केवळ खर्च वाचविण्यासाठी नव्हे. धावत्या गाडीचा पुढचा सांधा तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आपटते. काही जुन्या जीपगाड्यांत हातब्रेकही याच शाफ्टवर काम करतो. शाफ्ट तुटला की चढणीवर गाडी धरून ठेवण्याचे ते साधनही हातचे जाते. तेव्हा पुढच्या खेपेस ‘क्रॉस बदला’ असे मिस्त्री म्हणाले, तर आपण एवढेच म्हणावे, ‘बदला, पण आधी कोन मोजून दाखवा.’