रुग्णाची सेवा आणि रुग्णाचा अधिकार

(कडा, ता. आष्टी, जि. बीड येथे उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केल्यानंतर प्रत्येक कुटुंबाने स्वतःस एक प्रश्न विचारावयास हवा. घरात कोणी आजारी पडले, तर आता आपण काय करणार? पूर्वी काय करीत होतो, हे सांगावयास नको. भगताकडे जात होतो, अंगारा लावीत होतो, नवस बोलत होतो. ते आपण टाकले, हे फार चांगले झाले. परंतु देव्हाऱ्यातील देव काढून त्या जागी डॉक्टरास बसविले आणि त्याच्यापुढेही तसेच हात जोडून मुकाट उभे राहिलो, तर आपण फारसे पुढे आलो असे म्हणता येणार नाही.

विनयपिटकातील एक प्रसंग आपणांपैकी बहुतेकांनी ऐकला असेल. परमपूज्य बाबासाहेबांनीही तो 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या आपल्या अखेरच्या ग्रंथात घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आनंदासह विहार पाहत फिरणारे तथागत त्याच्यापाशी आले. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. मी इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी पाहत नाही, असे त्याने सांगितले. तथागतांनी आनंदास पाणी आणावयास लावले, दोघांनी त्यास स्वच्छ केले आणि एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून बिछान्यावर निजविले. मग भिक्खूंना एकत्र बोलावून त्यांनी समजाविले की, तुम्हांस येथे माता नाही, पिता नाही. तुम्हीच परस्परांची शुश्रूषा न केल्यास ती कोण करणार?

आपण पुष्कळदा हा प्रसंग करुणेचा नमुना म्हणून सांगतो आणि तेथेच थांबतो. पण तथागत तेथे थांबले नाहीत. आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करावी याचा त्यांनी नियम घालून दिला, आणि कोणीच नसल्यास ते संघाचे कर्तव्य ठरविले. न करणारा दोषी ठरला. म्हणजे रुग्णाची सेवा ही कोणाच्या मर्जीची बाब राहिली नाही. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, हेही तेथे सांगितले आहे. त्यास औषध तयार करता यावे. रुग्णास हितकारक काय आणि अहितकारक काय हे कळावे. त्याने मैत्रीने सेवा करावी, लाभाच्या आशेने नव्हे. मलमूत्राची व वांतीची किळस बाळगू नये. आणि रुग्णाच्या मनास धीर देता यावा. यांतील लाभाविषयीचा गुण आपण लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवलेली दुसरी हकीकत ऐका. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले गेले होते. ते बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत उद्धृत केले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंतीण होती आणि आजारी पडली. डॉक्टर आला, पण तिला शिवावयास तयार नव्हता. त्याने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते पतीस दिले, पतीने पत्नीस लावले आणि त्याच मार्गाने ते परत आले. एवढ्यावर निदान झाले, दोन रुपये फी घेतली गेली आणि ती स्त्री मरण पावली.

त्या वेळी वैद्याचा हात आपल्या अंगाला लागत नव्हता. आज तो लागतो. पण आपल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली जे उघडकीस आले, त्यात नको तेथे शस्त्र लागल्याची तक्रार होती. जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या, असे त्या वर्षी विधिमंडळात सांगण्यात आले. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साऱ्या देशाचे हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. दोन पाहण्यांची रीत एक नव्हती हे खरे. तरी एवढे अंतर केवळ रीतीने पडत नाही.

याचे मूळ केवळ दवाखान्यात नाही. आपल्या आष्टी तालुक्यातील पुष्कळ घरांत ते माहीत आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो आणि तो कर्जात चढतो. पाळी आली तरी खाडा, अंग दुखले तरी खाडा. फडावरच्या कोपीत पाणी नाही, आडोसा नाही. त्यामुळे अंगावरून पांढरे जाण्याचा आजार जडतो. हा आजार पुष्कळदा औषधाने बरा होतो. परंतु पिशवी खराब झाली आहे, कर्करोग होईल, असे भय घातले की बाई घाबरते. मुले झालेलीच आहेत, पाळीची कटकट जाईल, खाडा वाचेल, असे घरचेही म्हणतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढले गेल्यास ऐन तिशीत हाडे ठिसूळ होऊ लागतात, हे मात्र तिला कोणी सांगत नाही. ती पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते.

ज्या वैद्याने गरजेवाचून शस्त्र चालविले असेल, त्याने लाभाविषयीचा तो नियम मोडला. सर्वच डॉक्टर तसे नाहीत. रात्री-बेरात्री उठून येणारे डॉक्टर आणि परिचारिका आपण पाहिल्या आहेत. पण चांगल्या वैद्यास प्रश्नाचा राग येत नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. दिल्लीतील एक अविवाहित स्त्री केवळ तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशये काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निकाल दिला की, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आणि प्राणावर बेतलेले नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही. हा निकाल, बंधूंनो, आपण नीट ऐकावा. आईस जो अधिकार नाही, तो नवऱ्याच्या अंगठ्यास तरी कोठून येणार? सही तिची, आणि तीही समजून घेतल्यानंतरची.

महाराष्ट्राने २०२१ साली खाजगी रुग्णालयांच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणे बंधनकारक केले. आजार काय, उपाय काय, धोका काय, खर्च किती, हे विचारण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा अधिकार त्या सनदेत आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना जवळ स्त्री असावी, हाही अधिकार आहे. आपले कागद मागितल्यास ते बहात्तर तासांत द्यावेत, असा वैद्यकीय आचारसंहितेचा २००२ पासूनचा दंडक आहे. आपल्यापैकी कोणी ती भिंतीवरची सनद थांबून वाचली आहे काय? ज्यांस वाचता येते, त्यांनी शेजारच्या बाकावरील अनोळखी म्हातारीसही ती वाचून दाखवावी.

थोडे आपल्याकडेही पाहू. दवाखान्यात गेल्यावर सुई टोचली नाही, बाटली लावली नाही, तर डॉक्टर बिनकामाचा, असे आपण म्हणतो. ताकदीसाठी सलाईन मागतो. मिठाच्या पाण्याने ताकद येत नाही. अस्वच्छ सुईने मात्र रोग येतो. विनयात रुग्णाचेही गुण सांगितले आहेत: औषध घ्यावे, पथ्य पाळावे आणि आजार वाढला की उतरला, हे शुश्रूषा करणाऱ्यास जसे असेल तसे सांगावे. आपल्या भगिनी लाजेने वर्षवर्ष सांगत नाहीत, आणि सांगितले तर घरातील पुरुष ऐकत नाहीत.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा हलतील. त्यापूर्वी प्रत्येक घराने एवढे करावे. जाणाऱ्या स्त्रियांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी आणि सर्व कागद एका पिशवीत घालून सोबत द्यावेत. कोणी पिशवी काढावयास सांगितले, तर त्याच दिवशी होकार न देता सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. त्या दिवशी नवऱ्याने तिच्याबरोबर जावे, खाडा पडला तरी. आणि शिकलेल्या मुलीने आपल्या आईशेजारी बसून, डॉक्टर काय म्हणाले, ते वहीत लिहून घ्यावे.

जय भीम.