कथाकाराचे वाचन आणि लेखन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



'कथा सुचते कशी?' या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. विषय ऐकून प्रथम संकोच वाटला. मी कोणत्या महाविद्यालयात साहित्य शिकविले नाही की कोणत्या साहित्यिक वर्तुळात वावरलो नाही. दिवसभर इतवारीत कापडाचे दुकान आणि रात्री लेखन, असा माझा क्रम राहिला. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरात रात्र फार मोठी असते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. ती रात्र मी वाचनात घालविली. तेव्हा कथा सुचते कशी यापेक्षा ती कुठून आली एवढेच मी सांगू शकेन.

माझ्यावरचा पहिला संस्कार छापील पुस्तकाचा नाही. चातुर्मासात आजी प्रवचनाहून परतली की ऐकलेल्या कथा आम्हा मुलांना सांगत असे. त्यांपैकी गुणसेन आणि अग्निशर्मा यांची कथा ती पुनःपुन्हा सांगे. आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरी यांच्या महाराष्ट्री प्राकृतातील 'समराइच्चकहा' या ग्रंथाचा आरंभ याच कथेने होतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कुरूप अग्निशर्म्याची राजपुत्र गुणसेन थट्टा करतो. अग्निशर्मा तापस होऊन महिना-महिना उपवास करू लागतो. पारण्याच्या दिवशी एकाच घरी जावयाचे, तेथे अन्न न मिळाल्यास पुन्हा महिनाभर उपवास, असा त्याचा नियम. राजा झालेला गुणसेन पश्चात्तापाने त्याला पारण्याचे आमंत्रण देतो. पहिल्या वेळी राजाचे डोके दुखते, दुसऱ्या वेळी शत्रू चालून येतो, तिसऱ्या वेळी राजवाड्यात पुत्रजन्माची धांदल असते. तिन्ही वेळा तापस दारातून उपाशी परततो. त्यातून जो वैरभाव उपजतो तो नऊ जन्म पुरतो.

ग्रंथाचे तात्पर्य क्रोध आणि निदान यांच्या परिणामांविषयी आहे, आणि ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. मात्र लहानपणी मला प्रश्न पडे तो गुणसेनाचा. या वेळी त्याच्या मनात दुष्टावा नव्हता. प्रत्येक वेळी कारण खरे होते. तरीही दारातला माणूस उपाशी गेला तो गेलाच. माझ्या बऱ्याच कथा याच उंबरठ्यावर घुटमळत राहिल्या आहेत, हे आता मागे वळून पाहताना जाणवते.

पुढे महालातील राष्ट्रीय वाचनालयाचा सभासद झालो. नागपूर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्यामुळे येथील वाचकाला मराठीइतकीच हिंदीही घरची. गजानन माधव मुक्तिबोध याच शहरात दहा-एक वर्षे राहिले. प्रेमचंद आणि जैनेंद्रकुमार मी अनुवादातून वाचले नाहीत, ही नागपूरचीच देणगी.

पण ज्यांच्यामुळे आपणही लिहावे असे वाटले, ते वामन कृष्ण चोरघडे. 1914 साली आपल्याच जिल्ह्यात, नरखेडला त्यांचा जन्म झाला. 'अम्मा' ही त्यांची पहिली कथा 1932 मधली, म्हणजे वय अवघे अठरा. तो काळ प्राध्यापक ना. सी. फडके यांचा. त्यांचे 'प्रतिभासाधन' 1931 साली प्रसिद्ध झालेले. आकर्षक प्रारंभ, गुंतागुंत, उत्कंठा आणि शेवटी कलाटणी, असे कथेचे तंत्र त्या काळात रूढ झाले होते. चोरघडे त्या वाटेने गेले नाहीत. वऱ्हाड-नागपूरकडची साधी माणसे घ्यावीत, त्यांच्या आयुष्यातला एखादा क्षण हळुवारपणे उलगडावा आणि थांबावे, अशी त्यांची रीत. कथा आकाराने लहान, मनावर गांधीविचारांचा संस्कार. आणि गंमत अशी की गृहस्थ वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत! ताळेबंद समजणारा माणूस कथा लिहू शकतो, हा माझ्यासारख्या दुकानदाराला केवढा दिलासा होता. 1979 साली चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तरीही आज आपल्या तरुण पिढीला त्यांचे नाव सांगावे लागते, याची खंत वाटते.

त्यानंतर जी. ए. कुलकर्णी भेटले, आणि येथे माझी वाट चुकली. 'काजळमाया' 1972 साली आले. धारवाडला इंग्रजी शिकविणारा, सभा-संमेलनांपासून कटाक्षाने दूर राहणारा हा लेखक स्वतः जगभरचे वाचीत होता. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. त्यांच्या कथांतील नियतीचा तो काळोख माझ्या अंगात भिनला. मीही वाळवंटे, भग्न मंदिरे आणि अनाम प्रवासी लिहू लागलो. वास्तविक मी वर्धेपलीकडचा प्रवासही क्वचितच केलेला! एका संपादकांनी कथा परत पाठविताना लिहिले, की या कथेतले सर्व काही ओळखीचे आहे, फक्त तुम्ही कोठे दिसत नाही. त्यांचे म्हणणे खरे होते. 1978 पासून अकरा वर्षे मी एक ओळही लिहिली नाही.

वाचन मात्र सुटले नाही. या काळात वाचनाची पद्धत बदलली. पुस्तक एकदा कथेसाठी वाचावयाचे, आणि काही महिन्यांनी पुन्हा, लेखकाने काय सांगितले नाही ते शोधण्यासाठी. चोरघडे मी या दुसऱ्या वाचनात खरे वाचले.

शिवाय एक वही ठेवू लागलो. दुकानात रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत, हे जुन्या मंडळींना आठवेल. कीर्दीत व्यवहार जसा घडला तसा, त्या त्या दिवशी उतरतो. खतावणी करताना तोच व्यवहार ज्याच्या नावाचा त्याच्या खात्यात जातो, आणि मगच कोणाचे किती देणे राहिले ते कळते. माझी वही कीर्दीची होती. ऐकलेले वाक्य, पाहिलेला चेहरा, तारीख, बस्स. कथा होते ती खतावणीच्या वेळी, कधी दहा वर्षांनी.

1989 साली असेच एक खाते उघडले. आमच्या दुकानात एक वृद्ध मुनीमजी होते. 1962 च्या दिवाळीत हिशेबात तूट आली आणि वडिलांनी त्यांना कामावरून दूर केले. पुढे दोन महिन्यांनी ती रक्कम दुसऱ्याच्या खात्यात चुकून चढलेली सापडली. मुनीमजींच्या घरी जाऊन क्षमा मागावयाची, असे वडिलांनी ठरविले. एकदा लग्नसराई आली, एकदा आजीचे दुखणे निघाले. मग मुनीमजी गेल्याची बातमी आली. प्रत्येक संवत्सरीला आमच्या घरी सर्वांची क्षमा मागितली जाई, आणि वडील तेवढ्यापुरते गप्प होत. ते का गप्प होतात हे मला वयाच्या पस्तिशीत उमगले.

कथा चार रात्रींत लिहून झाली. तिच्यात ना वाळवंट होते, ना कलाटणी. परंतु ती छापावी कशी? वडील हयात होते, आणि बाजारात घराण्याचे नाव म्हणजे काय असते हे येथे बसलेल्यांना ठाऊक आहे. नावे बदलली तरी इतवारीत ओळखणारे ओळखणारच. अखेरीस एका रविवारी दुपारी मी वडिलांना ती वाचून दाखविली. मध्ये ते एकदाही बोलले नाहीत. वाचून झाल्यावर बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तू तीनशे चाळीस लिहिलेस. तीनशे साठ होते."

मी दुरुस्ती केली. कथा त्या आकड्यासह छापून आली. अंक मुनीमजींच्या मुलाला नेऊन द्यावा, असे तेव्हाच मनात होते. ते कुटुंब अमरावतीकडे गेल्याचे समजले, पत्ताही मिळाला. तो अंक अद्याप माझ्याच कपाटात आहे.