माउस आपोआप फिरला तेव्हा

23 डिसेंबर 2015 ची दुपार. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपणहून सरकू लागला. त्यानं माउस हलवून पाहिला, उपयोग शून्य. एकेका उपकेंद्राचा पुरवठा तुटत गेला. तीन कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले.

हे सायबर चोर कंपन्यांच्या संगणकांत शिरले होते कित्येक महिने आधी, ईमेलला जोडलेल्या साध्या ऑफिस फाइलमधून. कुणीतरी बिनघोर क्लिक केलं, झालं! वर हल्ल्याच्या वेळी तक्रार केंद्रावर खोट्या फोनांचा असा मारा, की खऱ्या ग्राहकाचा फोन लागेना. हा कावा मला सगळ्यात बेरकी वाटतो.

वीज परतली ती मात्र जुन्या पद्धतीनं. माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली, हातानं ब्रेकर लावले, आणि काही तासांत दिवे आले.

आपल्याकडे अशा अत्यावश्यक यंत्रणांच्या सायबर संरक्षणासाठी 2014 पासून स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे. उपाय तसे नीरसच: कार्यालयाचं नेटवर्क उपकेंद्राच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवायचं, दुरून लॉगिन करणाऱ्याची दोनदा ओळख पटवायची. आणि हातानं ब्रेकर लावता येणारा माणूस प्रत्येक पाळीत हवा.